'टेक'चे चार कट्टे

आमच्या घरची फरशी कधी पूर्ण कोरडी नसायची. दाराशी गोणपाटात गुंडाळलेली तेंदूची पानं भिजत पडलेली असायची आणि त्यांचं पाणी पाझरत खोलीच्या मध्यापर्यंत यायचं. खोली एकच. पुस्तक खाली ठेवलं की ओलं व्हायचं, म्हणून मी पहिलीपासून पुस्तक मांडीवर घेऊनच अभ्यास केला. कौतुक करून घ्यायला सांगत नाही. फरशी ओली होती, एवढंच.

वडील यंत्रमागावर टॉवेल विणायचे. मी दहावीत असताना त्यांच्या छातीत सुताचा तूस इतका बसला, की चार पायऱ्या चढताना ते दोनदा थांबायला लागले. पुढे कामावर जायचंच थांबले. तेव्हापासून घर आईच्या दहा बोटांवर आलं. आई बिड्या वळते. सोलापुरात हे सांगितलं की पुढचं कुणी विचारत नाही. सोलापूरबाहेर सांगितलं की लोक 'अरेरे' करतात. मला दोन्ही नको, म्हणून काम कसं चालतं तेच सांगते.

भिजलेलं पान घ्यायचं, त्यावर पत्र्याचा फर्मा ठेवायचा, कात्रीनं फर्म्याएवढं कापायचं. मांडीवर सूप, सुपात तंबाखू. चिमूटभर तंबाखू पानात पसरायची, वळायचं, दोरा गुंडाळायचा, तोंड नखानं आत मुडपायचं. पंचवीस झाल्या की दोऱ्यानं बांधायच्या, तो एक कट्टा. दुसऱ्या दिवशी सकाळी सगळे कट्टे टोपलीत घालून कारखान्यावर जायचं. तिथं जाळीमागं चेकर बसलेला असतो. तो कट्टा दाबून बघतो, उलटा करून बघतो, आणि नापसंत बिड्या ओढून बाजूला टाकतो. त्या बाजूच्या बिडीला छाट म्हणतात. छाटीची मजुरी मिळत नाही आणि छाट परतही मिळत नाही. पुढं ती कुठं जाते ते रांगेतल्या सगळ्या बायकांना ठाऊक असतं. जाळत तर नाहीत, विकतातच.

लहानपणी शाळेला सुट्टी असली की मी आईबरोबर जायचे. आईचा एक रिवाज होता. चेकरनं बिड्या बाजूला टाकल्या की ती जाळीला हात लावून उभी राहायची.

"वाईट हाय न्हवं? मग मोड."

"रांग थांबलीया मावशी."

"थांबू दे की. माज्यासमोर मोड. एकेक करून. आन् काय वाईट हाय त्ये सांग."

आई आवाज चढवत नसे. पण हलतही नसे. मागच्या बायका आधी कुरकुर करायच्या, मग पदर तोंडाला लावून हसायच्या. चेकर एक मोडायचा, दुसरी मोडायचा, तिसरी हातात घेऊन बघायचा आणि गपचूप कट्ट्यात परत ठेवायचा. मोडायची वेळ आली की त्याला चारातल्या दोनच वाईट सापडायच्या. हे मी इतक्यांदा बघितलंय, की मला वाटायचं सगळ्यांच्या आया असंच करतात.

दुसरी एक गोष्ट मी सात वर्षांची असताना शिकले. कट्टा पंचवीसचाच असतो. चोवीसचा सापडला तर चेकर अख्खा कट्टा बाजूला काढतो. मला बिड्या वळायला आईनं शिकवलं नाही, पण बांधायला बसवायची. माझ्या बोटांना पंचवीस हा आकडा डोळे मिटूनही कळायचा. या आकड्यानं पुढं मला कुठं नेऊन पाडलं, त्याचीच ही हकीकत आहे.

बारावी झाल्यावर आत्या आली. तिनं चपला दारात काढल्या आणि आत पाऊल टाकायच्या आधी म्हणाली, "काय ते कार्ड काढून टाका पोरीचं."

कार्ड म्हणजे कारखान्याचं बिडी कामगार कार्ड. आमच्या गल्लीत पोरगी अठराची झाली की कार्ड निघतं आणि कार्ड निघालं की स्थळं येतात. माझ्यासाठीही एक स्थळ न बोलावता आलं होतं. मुलाच्या आईनं मला नाव विचारलं नाही, शिक्षण विचारलं नाही. "दिवसाला किती वळते?" असं विचारलं.

आई म्हणाली, "वळत न्हाय. वाचती."

पोहे अर्धे टाकून ती माणसं गेली. आत्याला तो अपमान अजून बोचत होता. आई सुपावरची नजर न काढता तिला म्हणाली, "तीन वर्षं दे मला. एक जरी वर्ष वाया गेलं, तर तूच ये आन् तूच कार्ड काढ. मी आडवी येणार न्हाय."

खाटेवरून वडील म्हणाले, "मी साक्षीला हाय."

भिंतीवर निळ्या कोटातला, हातात पुस्तक धरलेला फोटो होता. आत्यानं त्याच्याकडे बघितलं आणि त्याच्यासमोर वाद नको म्हणून विषय सोडला. सौदा ठरला. नापास व्हायची मुभा मला नव्हती. बाकीच्या मुलामुलींना एटीकेटी असते, मला कार्ड होतं.

तिसऱ्या वर्षाला स्पेशल विषय घ्यावा लागतो. इंग्रजीच्या सरांनी माझा फॉर्म वर धरून वाचला.

"मराठी माध्यम. मग मराठी स्पेशल घ्या की. सोपं जाईल तुम्हा लोकांना."

"सोपं नको सर."

"नंतर रडत यायचं नाही."

"न्हाय येणार," मी म्हणाले. 'नाही' म्हणायचं होतं, पण रागात घरचं तोंडात आलं. मागच्या बाकावर हशा झाला. मी खाली बसले नाही. फॉर्मवर सही होईपर्यंत उभी राहिले.

आता कुणी विचारेल, इंग्रजीच का. खरं सांगते, प्रेम वगैरे काही नव्हतं. वडिलांच्या दवाखान्याचे कागद इंग्रजीत यायचे. कारखान्यानं जाळीवर चिकटवलेली नोटीस इंग्रजीत असायची. आमच्याबद्दल जे काही लिहिलं जायचं ते आम्हाला न कळणाऱ्या भाषेत असायचं. मला ती भाषा माझ्या हातात पाहिजे होती. दुसरं कारण नाही.

त्या वर्षी प्रत्येकाला एक प्रकल्प करायचा होता. त्यावर तोंडी परीक्षा, आणि तिच्यात पास झाल्याशिवाय वर्ष सुटत नव्हतं. सरांनी विषय वाटले. कुणाला कादंबरी, कुणाला नाटक, कुणाला कवी. माझ्यापाशी येऊन ते थांबले.

"तुम्हाला एक शब्द पुरे. 'टेक' हे क्रियापद घ्या. त्याचे अर्थ, त्याचे समानार्थी शब्द. लायब्ररीत मोठा कोश आहे. दहा पानं उतरवून आणा, पास करून टाकतो."

वर्ग पुन्हा हसला. मला त्या हसण्यापेक्षा 'पास करून टाकतो' हे जास्त लागलं. भिकाऱ्याच्या हातावर ठेवल्यासारखं. मी मनात म्हटलं, ठीक आहे. एक शब्द दिलाय ना, मग बघा आता त्या शब्दाचं काय करते ते.

कोश घरी न्यायला मिळत नव्हता. मी लायब्ररीत बसून 'टेक' उघडला आणि घाबरले. रकानेच्या रकाने. शेजारी समानार्थी शब्दांचं वेगळं पुस्तक होतं. त्यात 'टेक'पुढे ओळीनं उभे होते: सीझ, ग्रास्प, रिसीव्ह, अक्सेप्ट, कॅरी, स्वॉलो, एन्ड्युअर, रिक्वायर, अझ्यूम. आणखी बरेच. शाळेत आम्ही सूर्य म्हणजे रवी, भास्कर, दिनकर असं पाठ केलेलं. दोन मार्क मिळायचे. म्हणजे समानार्थी शब्द एकाच्या जागी दुसरा चालतो असं माझ्या डोक्यात पक्कं होतं. हे नऊ जण तर एकमेकांना ओळखतही नव्हते. गिळणं, हिसकावणं, सोसणं आणि स्वीकारणं हे एकाच घरात कसे राहतात?

उतरवून काढलं असतं तर तेवढ्यावर सुटले असते. वर्गातल्या निम्म्यांनी मोबाईलवरून उतरवून, रंगीत कव्हर घालून, स्पायरल बाइंडिंग करून दिलंच. मला न कळलेलं दुसऱ्याच्या हातात देववत नव्हतं. मी ठरवलं, 'टेक' कामावर असताना बघायचा. जिथं कानावर पडेल, डोळ्यांना दिसेल, तिथून उचलायचा.

जुन्या कॅलेंडरच्या कोऱ्या पाठीवर आईचा फर्मा ठेवून मी चिठ्ठ्या कापल्या. एका चिठ्ठीवर एक वाक्य. खाली कुठं ऐकलं किंवा वाचलं ते. मागच्या बाजूला मराठीत अर्थ आणि 'टेक' काढला तर त्या जागी दुसरा कुठला शब्द बसतो, तो.

वडिलांच्या औषधाच्या पाकिटावर पहिला सापडला: 'टेक आफ्टर मील्स', जेवणानंतर घ्या. त्याच्या जागी 'स्वॉलो' बसतो. मग बँकेतल्या यंत्रावर 'टेक अ टोकन'. चहाच्या टपरीवरच्या टीव्हीत 'टेक्स द कॅच'. रिक्षाच्या मागे 'टेक केअर'. टॉवेलच्या दुकानात बाहेरगावचं गिऱ्हाईक म्हणालं, 'आय विल टेक बोथ.' कॉलेजच्या फलकावर 'स्टुडंट्स शुड टेक नोट'. मैत्रिणीच्या बहिणीच्या ऑफिसात 'टेक द ब्लेम'. दवाखान्यात तरुण डॉक्टर वडिलांच्या पाठीला नळी लावून म्हणाले, 'टेक अ डीप ब्रेथ.' वडिलांनी घेतला तेवढा घेतला. मी तिथंच चिठ्ठी लिहिली. डॉक्टरांनी विचारलं, काय लिहिताय. मी म्हटलं, तुमचं वाक्य. ते म्हणाले, लिहा.

वर्गातूनही मिळायचे. सर माझ्याकडे बघून म्हणाले होते, 'आय टेक इट यू हॅव नॉट रेड द टेक्स्ट.' तुम्ही वाचलं नाही असं मी धरून चालतो. इथं 'अझ्यूम' बसतो. मी सरांचं नाव न घालता लिहिलं: इंग्रजीच्या तासाला, मला उद्देशून.

दुपारी आमच्या दारात शेजारची अक्का यायची. तेलुगू घरातली, आईपेक्षा वयानं मोठी, तिचंही सूप मांडीवर. एकदा तिनं माझ्या चिठ्ठ्यांचा ढीग बघून विचारलं, "काय गं, कागदाच्या बिड्या वळती का?"

"शब्द आहे अक्का. 'टेक'. म्हणजे घेणे."

"एकच शब्द? आन् येवढा कागद?"

आई म्हणाली, "आपल्यात न्हाय का? दम घे, कडंवर घे, ऐकून घे, मनावर घे, आवरून घे. घ्यायलाच जन्म गेला की."

"आमच्यात 'तीसुको'," अक्का म्हणाली. "सासू दिवसभर तीसुको तीसुको करायची. द्यायची काय न्हाय."

दोघी हसल्या. पण आईला मग त्यात रस वाटायला लागला. तिला वाचता येत नाही. ती एक चिठ्ठी उचलायची आणि विचारायची, "ह्यो काय करतोय?" मी मराठीत सांगायची. ती पानं निवडते तशी निवडायला लागली. पान हातात घेतलं की मोठं, मधलं, फाटकं हे तिला बघावं लागत नाही, बोटाला कळतं.

"ह्यात हातात काय येतं का? टोकन येतं. मग हातातलं. गोळी पोटात जाती, त्ये पोटातलं. बस पकडून जायचं, त्ये वाटंचं. दुसऱ्याचा दोष अंगावर, त्ये अंगावरचं."

"आणि 'इट टेक्स टाइम'? वेळ लागतो."

आई थांबली. "त्यात घेणारा कोण हाय?"

"कोणी नाही. काम घेतं."

"काम घेतं," ती म्हणाली. "मग त्यो येगळा ढीग कर. आन् मोठी जागा ठेव."

असे पाच ढीग झाले. कोशात अर्थांना आकडे दिलेले असतात. माझ्या आईनं दिलेले ढीग मला त्या आकड्यांपेक्षा जास्त समजले, आणि हे मी कुणाही विद्वानासमोर म्हणायला तयार आहे.

मग मी समानार्थी शब्द एकेका ढिगात घालून बघू लागले. 'स्वॉलो' पोटाच्या ढिगातसुद्धा सगळीकडे चालत नव्हता. गोळी स्वॉलो होते. चहाला बोलावताना 'स्वॉलो टी' म्हटलं तर पाहुणा उठून जाईल. 'सीझ' हाताच्या ढिगातला. पण बँकेच्या यंत्रातून टोकन सीझ केलं तर शिपाई धरेल. 'अक्सेप्ट' फक्त समोरून कुणी देत असेल तरच चालतो, आणि टेबलावरचं पुस्तक कुणी देत नसतं. हे सगळे मोठे शब्द एकेका जागी बरोबर बसायचे आणि शेजारच्या जागी गेले की अडखळायचे. 'टेक' एकटा सगळीकडे जायचा. सरांनी पहिल्या वर्षाला शिकवलं होतं की चांगल्या इंग्रजीत 'टेक'सारखे साधे शब्द टाळावेत, भारदस्त शब्द वापरावेत. मी चिठ्ठ्या बघत बसायची आणि मला राग यायचा. जो सगळीकडे राबतो त्यालाच साधा म्हणायचं.

बांधायची वेळ आली तेव्हा मी ढीग एकापुढे एक लावले आणि पंचवीस-पंचवीस चिठ्ठ्यांना बिडीचा दोरा बांधला. दुसरं बांधणं मला येतच नव्हतं. तीन कट्टे झाले. चौथा तेवीसचा भरला.

परीक्षा दोन दिवसांवर होती. दोन चिठ्ठ्या कमी. तेवीसचं बंडल तसंच दिलं असतं तर कुणाचं काय बिघडत होतं? कॉलेजात कोण पंचवीस मोजणार होतं? आज हे लिहिताना मला हसू येतं, तेव्हा आलं नाही. माझ्या बोटांना तो कट्टा हलका लागत होता. हलका कट्टा द्यायचा नसतो. मी दोन चिठ्ठ्या घेतल्या आणि मनानंच दोन वाक्यं केली. मराठीत फिरकी घेणे म्हणतात, तर एकीवर लिहिलं, 'शी टेक्स माय स्पिन.' कानोसा घेणे म्हणतात, तर दुसरीवर, 'ही टेक्स द इअर.' खाली लिहिलं: इंग्रजी वर्तमानपत्र. कट्टा पंचवीसचा झाला. दोरा आवळला. आईला सांगितलं नाही.

परीक्षेला सरांबरोबर बाहेरच्या कॉलेजातून आलेल्या एक मॅडम होत्या. माझ्या आधीच्या मुलाचं स्पायरल बाइंडिंग दहा मिनिटांत चाळून झालं. मी टेबलावर पुठ्ठ्याचा डबा ठेवला आणि त्यातून चार कट्टे काढले.

सर म्हणाले, "हे काय? बिड्या?"

"चिठ्ठ्या आहेत सर. बांधणी बिडीची आहे."

त्यांनी चौथा कट्टा उचलला, कारण तो वर होता. दोरा सोडला. पत्ते पिसावेत तशा चिठ्ठ्या पुढे-मागे केल्या आणि मधूनच एक ओढली. चेकरचा हात जसा बरोबर वाकड्या बिडीवर जातो तसा.

"'शी टेक्स माय स्पिन.' कुठल्या वर्तमानपत्रात वाचलंत?"

मी टेबलावर पडलेला दोरा उचलून बोटाला गुंडाळायला लागले.

"मॅडम, बघा. फिरकी घेते, हिचं इंग्रजी." सर मोठ्यानं हसले. मग दुसरी सापडली. मग ते हसले नाहीत. सगळ्या चिठ्ठ्या एकत्र लोटून त्यांनी डबा माझ्याकडे सरकवला. "सगळं मनानं रचलेलं आहे. मी सुरुवातीलाच सांगितलं होतं मराठी घ्या म्हणून. हे मी घेऊ शकत नाही. पुढच्या वर्षी बघू. नेक्स्ट."

दाराबाहेर पुढचा मुलगा उठून उभा राहिला. पुढच्या वर्षी. मला आत्याच्या चपला दारात दिसल्या. घरी जाऊन काय सांगायचं ते मला माहीत होतं आणि आई शब्दाची पक्की आहे हेही माहीत होतं. ती आडवी येणार नव्हती.

मी उठले नाही. उठायचं नाही असं काही ठरवलं नव्हतं. पाय उठले नाहीत, आणि हात आपोआप टेबलाच्या कडेला गेला, जसा आईचा जाळीला जायचा.

"सर, त्या दोन खोट्या आहेत," मी म्हणाले. "मीच केल्या. कट्टा भरत नव्हता म्हणून. द्या, मी फाडते."

मी त्या घेतल्या आणि त्यांच्यासमोर फाडल्या. चार तुकडे टेबलावर ठेवले.

"आता अठ्ठ्याण्णव राहिल्या. त्या वाईट असतील तर तुम्ही फाडा. पण एकेक करून. माझ्यासमोर. आणि काय वाईट आहे ते सांगून."

"तुम्ही मला नियम शिकवणार?"

"न्हाय सर. आमच्याकडं अशी पद्धत आहे."

ह्या वेळी 'न्हाय' रागात आलं नव्हतं. मी तसंच म्हणायचं ठरवलं होतं.

सरांनी मॅडमकडे बघितलं. मॅडमनी चष्मा लावला, पहिला कट्टा पुढं ओढला आणि दोरा सोडायला लागल्या. त्यांना गाठ सुटेना. मी सोडून दिली.

"वाचते," त्या म्हणाल्या.

'टेक आफ्टर मील्स.' ठेवली. 'टेक अ टोकन.' ठेवली. पंधरा-वीस झाल्यावर त्यांनी एक बाजूला काढली. "ही आणि मघाची एकच आहे. रिक्षा वेगळी, अर्थ तोच." मी बघितलं. बरोबर होतं. "फाडा मॅडम." त्यांनी फाडली नाही, नुसती उलटी ठेवली. अशा एकूण अकरा निघाल्या. प्रत्येकीला त्यांनी कारण दिलं. दोन चिठ्ठ्यांवर मी भांडले आणि एक परत मिळवली. पुढच्या मुलाला त्यांनी जेवून यायला सांगितलं.

तिसऱ्या कट्ट्यात त्या थांबल्या. "'आय टेक इट यू हॅव नॉट रेड द टेक्स्ट.' कुठे ऐकलं: इंग्रजीच्या तासाला, मला उद्देशून." त्यांनी चिठ्ठी सरांपुढे धरली. "ही तर अस्सल दिसते सर. तुम्ही सांगा, खरी की रचलेली?"

सरांनी ती हातात घेऊन वाचली. "खरी आहे," ते म्हणाले.

त्यानंतर सरही विचारायला लागले. आधी मला पाडायलाच विचारत होते, हे मला कळत होतं. "'इट टेक्स करेज.' इथे 'रिक्वायर्स' का नाही? व्याकरणानं बरोबर आहे. जास्त चांगलं आहे."

"बरोबर आहे सर. पण 'रिक्वायर्स' म्हटलं की फॉर्मला कागद जोडल्यासारखं वाटतं. धाडस आणून जोडलं, काम झालं. 'टेक्स'मध्ये ते काम माणसाकडून काढून घेतं. आई म्हणते, काम घेतं."

"कोण म्हणतं?"

"माझी आई. ढीग तिनं लावलेत. ती बिड्या वळते."

सरांनी ती चिठ्ठी आपल्या हातानं ठेवायच्या बाजूला ठेवली. अठ्ठ्याऐंशी चिठ्ठ्या त्या बाजूला राहिल्या. मॅडमनी कागदावर आकडा लिहिला आणि दोघांनी सह्या केल्या. डबा उचलताना सर म्हणाले, "मराठी घेतलं असतं तर पहिल्या आला असता."

"इंग्रजीत पास झाले तरी चालतंय सर."

घरी आल्यावर आईला सगळं सांगितलं. मला वाटलं ती जाळीच्या गोष्टीवर खूश होईल. तिनं वळणं थांबवलं.

"दोन पोकळ भरल्यास?"

"कट्टा कमी पडत होता."

"कमी पडला तर उद्यावर ठेवायचा असतो. आजवर कधी पोकळ बिडी वळून कट्टा भरलाय का मी? कवा बघितलंस?"

मी कधीच बघितलं नव्हतं. कमी कट्टा देत नाहीत एवढंच मी शिकले होते. तो घरी ठेवतात, हे रोज डोळ्यांसमोर असून शिकले नव्हते. कोपऱ्यात त्या दिवशीही एक अर्धा कट्टा ठेवलेला होता. आईनं तो उचलून माझ्या हातात दिला. मग म्हणाली, "आन् फाडल्या त्या त्याच्यासमोर?"

"समोर."

"मग ठीक हाय," ती म्हणाली आणि सूप जवळ ओढलं.

अक्का दारातून म्हणाली, "आता तिला चहा तीसुको म्हण, पोरगी सकाळपासून उपाशी हाय."

निकाल लागला तेव्हा आत्याही घरी होती. मी मोबाईलवर वाचून दाखवलं. वडिलांनी पुन्हा वाचायला लावलं. आत्यानं विचारलं, म्हणजे कार्ड नाही? आई म्हणाली, न्हाय.

इंग्रजी हा विषय घेऊन मी बी.ए. झाले. आमच्या घरात आणि आमच्या ओळीतल्या अकरा घरांत मी पहिली. बिडी कार्ड निघालं नाही. आता मी एका शाळेत पाचवी ते सातवीला इंग्रजी शिकवते, आणि कारखान्याच्या जाळीवर नोटीस लागली की बायका मला बोलावतात. मी ती मोठ्यानं वाचते आणि मराठीत सांगते.